मुंजाभाऊ मिस्त्री आणि चिकटलेली प्लेट

मुंजाभाऊ मिस्त्री माणसांना अरे-तुरे करायचे आणि मशिनींना अहो-जाहो.

मी वीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. गावातली सत्तरीची माणसंसुद्धा मला 'बाई, तुमी' म्हणतात. मिस्त्री पहिल्याच दिवशी आमच्या अंगणात मला म्हणाले, "मास्तरीन, तू जरा उजेडातून सरक." मी सरकले. मग ते वाकले आणि गंजून बसलेल्या एका नटाला अगदी अदबीनं म्हणाले, "या साहेब, या बाहेर. लय दिवस आत बसलात."

नट आला की नाही ते सोडा, पण माझ्या वडिलांना हा माणूस त्याच क्षणी आवडला. मला आवडायला दोन दिवस लागले.

मिस्त्री जाऊन आता दोन वर्षं झाली. पिंगळी स्टेशनकडून आमच्या गावाकडं येताना रस्त्यालगत एक लिंबाचं झाड लागतं, तेच त्यांचं वर्कशॉप. ना पाटी, ना शटर. झाडाखाली एक लाकडी पेटी आणि बसायला एक पाट. अंगात कायम पांढरा सदरा-पायजमा, डोक्यावर टोपी. ग्रीसमध्ये हात घालणाऱ्या माणसानं पांढरं काहून घालावं, असं मी एकदा विचारलंच. ते म्हणाले, "मळलेल्या कपड्यावर डाग दिसत न्हाई. मंग मानूस हलगर्जी होतो." संध्याकाळी घरी जाताना त्या सदऱ्यावर खरोखरच एखादाच डाग असायचा, आणि त्याबद्दलही ते स्वतःवर रागावलेले असायचे.

दुसरी गोष्ट म्हणजे कबुली. मालकानं खरं सांगितल्याशिवाय मिस्त्री पान्याला हात लावत नसत. शेजारच्या गावातले एक बडे शेतकरी एकदा मोठा ट्रॅक्टर घेऊन आले होते. क्लच जळाल्याचा वास दहा पावलांवरून येत होता.

"कोन चालवलं?" मिस्त्रींनी विचारलं.

"ड्रायव्हरनं."

"ड्रायव्हर कोन?"

"असतो एक."

मिस्त्री पाटावर बसले आणि त्यांनी पानाची चंची काढली. दहा मिनिटं गेली, वीस गेली. शेवटी शेतकरी हळूच म्हणाले, "मेव्हण्यानं चालवला. त्याच्या मित्राच्या वरातीत."

"डीजेची गाडी वढली?"

"हो."

"मान्सं नाचायलीत, आन् हे बिचारे तीन घंटे पाऊल पाऊल सरकायलेत. तुझ्या मेव्हण्याचा पाय क्लचवर. तुझ्या मेव्हण्याच्या छातीवर कुनी तीन घंटे पाय ठिवला तर?" एवढं बोलून झाल्यावर त्यांनी पेटी उघडली.

क्लचवर पाय ठेवून गाडी चालवणं, ह्याच्याइतकं मोठं पाप मिस्त्रींच्या लेखी दुसरं नव्हतं. एकदा पाथरीला जाताना ते जीपमध्ये ड्रायव्हरशेजारी बसले होते. ड्रायव्हरचा डावा पाय सारखा क्लचवर विसावलेला. मिस्त्रींनी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा वाकून त्याचा पाय उचलून खाली ठेवला. ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि त्यांनाच खाली उतरवलं. मिस्त्री उरलेली वाट चालत गेले, आणि ज्याच्या लग्नाला निघाले होते त्याच्या पंगतीला संध्याकाळी पोचले. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "खरं बोलाया मी कुनाच्या बापाला भ्यालो न्हाई," असं ते म्हणायचे, आणि ते खरंच होतं. खरं बोलून बोलून त्यांनी निम्मी गिऱ्हाइकं घालवली होती. उरलेली निम्मी जायची कुठं, दुसरा इतका चांगला मिस्त्री नव्हता म्हणून थांबलेली.

आमचं त्यांच्याकडं काम निघालं ते ट्रॅक्टर घेतल्यावर. आमची सहा एकर जमीन. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जन्मभर बैलांवर शेती केली. एक बैल म्हातारपणानं गेला, दुसरा त्यांनी ओळखीत देऊन टाकला, आणि गोठा रिकामा झाल्यावर ते आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मी अविवाहित, एकुलती एक. शेत पडीक ठेवणं त्यांना सोसलं नसतं. म्हणून मी पाथरीकडच्या एका गावातून जुना, लहानसा ट्रॅक्टर घेतला. कापसाच्या दोन ओळींतून सहज जाईल एवढा. त्याचे मालक वारले होते. त्यांच्या बायकोनं, कौसाबाईंनी, तो विकला. ट्रॅक्टर टेम्पोत चढवताना त्या दारात उभ्या राहून नुसत्या बघत होत्या.

तो आमच्या अंगणात उतरला, नवी बॅटरी बसवून चावी मारल्याबरोबर इंजिन सुरूही झालं. पण क्लच दाबून गिअर टाकायला गेलं की खर्रर्र असा आवाज. गिअर पडेचना. आणि इंजिन बंद करून गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबून चावी मारली, तर ट्रॅक्टर बेडकासारखी उडी मारायचा. मी तीन दिवस खटपट केली. अण्णा बाजेवर बसून बघत राहिले. चौथ्या दिवशी एवढंच म्हणाले, "बैलाला निदान 'थांब' म्हणलेलं कळायचं."

दसऱ्याचे दिवस होते. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता आणि रानाला वाफसा येत होता. वाफसा म्हणजे माती ना चिखल ना ढेकूळ, बी टाकायला अगदी योग्य. आमच्या काळ्या रानात तो चार-पाच दिवस टिकतो. तेवढ्यात ज्वारी-हरभरा पेरला तर पेरला. गावातले सगळे ट्रॅक्टर आपापल्या शेतात गुंतलेले. मी मिस्त्रींकडं गेले.

ते आले, ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली आणि मला समोर उभं केलं.

"हे आधी कुठं व्हते?"

मी सांगितलं.

"किती दिवस उभे व्हते?"

"मालक गेल्यापासून. दोन पावसाळे."

"वर छप्पर?"

"पत्रे होते. पण गळके."

"आन् इथं आल्यावर तू काय केलंस?"

"काही नाही. चालू करून बघितला."

मिस्त्रींनी चंची काढली. वर्गात गृहपाठ न केलेली मुलं माझ्यासमोर उभी राहतात तशी मी उभी होते, आणि अण्णा बाजेवरून बघत होते.

"तीन दिवस जबरदस्तीनं गिअर टाकायचा प्रयत्न केला," मी म्हणाले. "दात घासल्याचा आवाज येत होता, तरी केला."

"हां," मिस्त्री म्हणाले आणि चंची परत खिशात गेली.

क्लच म्हणजे काय हे मला त्यांनीच शिकवलं. "ह्या बाजूला इंजिन, त्या बाजूला गिअरबॉक्स. मधी ही प्लेट. एरवी तिनं इंजिनाला गच्च धरून ऱ्हायचं, की चाकाला ताकद भेटते. आपुन पाय दाबला की तिनं हात सोडायचा, मंग गिअर बदलतो. तुझी प्लेट हात सोडना गेलीय. आता काहून सोडना, ते इचारावं लागंल."

मग विचारपूस सुरू झाली. त्यांनी आधी पेडल हातानं दाबून त्याची मोकळी चाल मोजली, म्हणजे जोर लागायच्या आधी पेडल किती रिकामं जातं ते. दोन बोटं हवं होतं, चार बोटं भरलं. दांडीचा नट फिरवून त्यांनी ते दोन बोटांवर आणलं. फरक पडला नाही. मग पेडलचा गंजलेला खिळा काढून, घासून, ग्रीस लावून बसवला. पेडल लोण्यासारखं चालू लागलं. क्लच मात्र तसाच. शेवटी त्यांनी खालचं लहान झाकण काढलं, ट्रॅक्टरखाली एक पोतं अंथरलं, त्यावर आपला पांढरा सदरा सांभाळत आडवे झाले आणि हातातल्या बॅटरीचा उजेड आत पाडून मला म्हणाले, "दाब. सोड. दाब. सोड."

बऱ्याच वेळानं बाहेर येऊन म्हणाले, "बेरिंग पुढं येतंय, प्लेट सोडवनारी लोखंडी बोटं दबायलीत, सगळे आपापलं काम करायलेत. प्लेटच गंजानं चिकटलीय. दोन पावसाळे ओल खाल्ली."

"मग आता?"

"एक तर ह्यांना मधून फोडायचं, नवी प्लेट मिळवायची, परत जोडायचं. आठ दिवस जातील. न्हाई तर समजूत काढायची."

आठ दिवस आमच्याकडं नव्हते. मिस्त्रींनी पेडल पूर्ण खाली दाबलं, बाभळीचा एक दांडका पेडल आणि सीट यांच्यामध्ये अडकवला आणि "सकाळपर्यंत असेच बसा," असं ट्रॅक्टरला सांगून घरी गेले. सकाळी दांडका काढला. प्लेट चिकटलेलीच.

"आता एकच राहिलं," ते म्हणाले. "पन माझा गुडघा धड न्हाई. ब्रेक जोरात मारता येत न्हाई मला. तू बस."

"मी?"

"मंग कोन, अण्णा?"

अण्णा बाजेवरून उठून बसले होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजेड दिसला.

इंजिन तासभर चालवून चांगलं तापवलं. मग आमच्या पडीक तुकड्यात ट्रॅक्टर नेला. नेला म्हणजे काय, गिअर टाकून चावी मारली की तो आपोआपच निघायचा, आणि थांबवायचा तर इंजिन बंद करायची दांडी ओढायची. मिस्त्रींनी शेळ्या हाकलल्या, अण्णांना बांधावर लांब बसवलं, ब्रेकची दोन्ही पेडलं कडीनं एकत्र जोडली आणि मला सांगितलं, "क्लच दाबूनच ठिव. गॅस वाढव. जोरात ब्रेक मार, लगेच सोड. परत मार. त्यांना झटका बसला पायजे. घाबरलीस तर ही दांडी वढ. आन् घाबरू नको."

मी पदर खोचला आणि चावी मारली.

पुढच्या दहा मिनिटांबद्दल मी शाळेत कुणाला कधी सांगितलेलं नाही. क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टर उधळल्यासारखा धावत होता, मी ब्रेक मारला की इंजिन गुरगुरत मरायला टेकत होतं, सोडला की पुन्हा उसळी. माझा चष्मा नाकावरून ओठावर आला. बांधाच्या कडेनं मिस्त्री लंगडत पळत होते आणि एकाच दमात दोघांशी बोलत होते, "अगं मार की, हात काय बांधलेत का तुझे... अहो सोडा आता, सोडा, किती हट्ट कराल... पाय उचलू नको, बावळट... या, या, मोकळे व्हा."

तिसऱ्या फेरीला मी सगळा जीव पायात आणून ब्रेक मारला. ट्रॅक्टरच्या पोटातून टण् असा एक आवाज आला. ट्रॅक्टर जागच्या जागी थांबला आणि इंजिन मात्र शांतपणे चालूच राहिलं. काय झालं ते मला कळलं नाही. मला वाटलं, मोडलं.

मिस्त्री जवळ आले. टोपी काढली, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, "मेहरबानी."

त्या चार दिवसांत पेरणी झाली. दुसऱ्या दिवशी मागं वळून पाहिलं तर अण्णा काठी टेकत पेरलेल्या ओळीच्या, म्हणजे तासाच्या, मागोमाग चालत होते, बैलांमागं चालायचे तसेच, अधूनमधून वाकून माती उकरून बी किती खोल पडलंय ते बघत. मी हळू चालवत राहिले. ती ज्वारी त्या वर्षी डोक्याएवढी झाली. आज अण्णाही नाहीत, पण ते तासामागून येणं मला त्यांच्या कुठल्याही फोटोपेक्षा जास्त आठवतं.

सुगी झाल्यावर, चैत्रात, मिस्त्री आपणहून आले. "त्यांनी वेळेला इज्जत राखली," ते म्हणाले, "आता त्यांच्या पोटात बघू." गोठ्यापुढच्या सावलीत लाकडाचे ठोकळे आणि जॅक लावून त्यांनी ट्रॅक्टर मधोमध फोडला. इंजिन एकीकडं, गिअरबॉक्स दुसरीकडं. प्लेट बाहेर काढून त्यांनी ती उन्हात धरली. एका बाजूला गंजाचा तांबडा डाग होता, तो अपेक्षितच होता. पण प्लेटवरचं अस्तर पार झिजून ते ठोकून बसवणारी रिबिटं चकाकत होती, आणि तिच्यावर दाब देणारी लोखंडी तबकडी तापून तापून निळी पडली होती.

"बघ," मिस्त्री म्हणाले, "ह्या मान्सानं कवाच पाय खाली ठिवला नसंल. जल्मभर क्लचवर उभा." आणि मग मेलेल्या माणसाचा त्यांनी जो उद्धार केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. मी परभणीहून नवी प्लेट आणून ठेवली होती. ती खोक्यातून काढून पेटीवर ठेवली आणि ते हात धुवायला निघाले.

तेवढ्यात फाटकातून कौसाबाई आल्या.

हातात कापडी पिशवी, पायात धूळ. जीप फाट्यावर सोडते, तिथून चालत आल्या होत्या. मी त्यांना बसायला पोतं टाकलं, पाणी दिलं. त्यांनी पिशवीतून दोन शेर तुरीची डाळ काढून माझ्यापुढं ठेवली. मग दोन तुकडे झालेल्या ट्रॅक्टरकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खरंच बिघडलंय म्हणायचं," त्या म्हणाल्या. "बाई, मला कालच कळलं तुमाला तरास झाला म्हनून. दीर म्हनायलेत, भावानं ट्रॅक्टरची वाट लावली व्हती, चालवता येत नव्हतं त्याला, आन् तू ते लोकाच्या गळ्यात मारलंस. मला त्यातलं काय कळत न्हाई. मालकांनी पन्नाशीत शिकून घेतलं व्हतं. लय जीव व्हता त्यांचा. रोज पुसायचे." त्या थांबल्या. मग मिस्त्रींकडं वळल्या. "दादा, तुमी जाणकार हायत. त्यांच्यामुळंच झालं का हे?"

मी मिस्त्रींकडं बघितलं. हा माणूस काय बोलणार हे मला ठाऊक होतं. झिजलेली प्लेट त्यांच्या पायाशीच पडली होती.

मिस्त्रींनी पायानं शेजारच्या एका पोत्याची कड ओढून ती प्लेट झाकली. पेटीपाशी गेले. पाठमोरे उभे राहून काहीतरी करत होते. वळले तेव्हा त्यांच्या हातात नवी कोरी प्लेट होती, आणि तिला त्यांनी ग्रीसचा हात फिरवून वर थोडी माती लावली होती.

"ही बघ माय," ते म्हणाले. "ही तुझ्या मालकाची प्लेट. आत्ताच काढली. हात लाव."

कौसाबाईंनी दोन बोटांनी ती चाचपली.

"हे अस्तर बघ. जराबी झिजलं न्हाई. मी चाळीस वर्सं हे काम करायलोय, अशी प्लेट बघितली न्हाई. त्यांचा पाय लय हलका व्हता. जे झालं ते पावसाच्या पान्यानं झालं. पत्रे गळायलेत, त्यात त्यांचा काय दोष? दिराला सांग, पिंगळीच्या मुंजा मिस्त्रीनं सांगितलंय. त्याला पटलं न्हाई तर इकडं पाठीव."

कौसाबाईंनी पुन्हा एकदा प्लेटवरून बोटं फिरवली. मग पदरानं ती बोटं पुसून म्हणाल्या, "मला वाटलंच व्हतं. ते कुनालाबी जोरात हात लावायचे न्हाईत."

त्यांनी चहा घेतला, अण्णांशी दोन शब्द बोलल्या आणि तीनच्या जीपला निघाल्या. मी त्यांना फाट्यापर्यंत सोडून आले. परत आले तर मिस्त्री नवी प्लेट रॉकेलच्या फडक्यानं पुसत बसले होते. कोपऱ्याकोपऱ्यातून माती काढत होते.

"मिस्त्री," मी म्हणाले, "तुम्ही खोटं बोललात."

"बोललो."

एवढ्यावर थांबतील असं वाटलं. पण पुसता पुसता, वर न बघता ते बोलू लागले.

"आमची मंडळी गेली तवा दवाखान्यात मी डागदरला इचारलं व्हतं. का गेली म्हनून. त्यो म्हनला, दोन दिवस आधी आनली असती तर वाचली असती. मी आनली नव्हती. कापसाचा हंगाम व्हता, एकाचं इंजिन खोलून ठिवलं व्हतं, म्हनलं हे जोडून जावं. ती बी म्हनली, होऊ द्या तुमचं काम." त्यांनी फडकं उलटं केलं. "डागदर खरंच बोलला. त्याची काय चुकी न्हाई. मी इचारलं, त्यानं सांगितलं. अकरा वर्सं झाली. सकाळी डोळा उघडला की आधी ते दोन दिवस हाजीर व्हत्यात."

बाजेवर अण्णा उठून बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं.

आम्ही प्लेट बसवली. मी बॅटरीचा उजेड धरला, मिस्त्रींनी एकेक बोल्ट आवळला. ट्रॅक्टर पुन्हा एकसंध व्हायला दिवस मावळतीला आला. मिस्त्रींनी पेटी बंद केली, सदरा झटकला आणि टोपी घातली.

"मुंजाभाऊ," अण्णा म्हणाले, "पोरगी तुरीचं वरण टाकतीय. जेवून जा."

मिस्त्रींनी एकदा रस्त्याकडं बघितलं. मग त्यांनी टोपी काढली, बाजेच्या खुराला अडकवली आणि अण्णांच्या शेजारी बसले.

"जेवतो," ते म्हणाले. "घरी कोन वाट बघायलंय."